पिवळ्या गळ्याची चिमणी : एका गोष्टीचे परीक्षण

नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रातील शाळांमधून पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांना जोडणाऱ्या आठवड्याला २०२० मध्ये शासनमान्यताही मिळाली. या आठवड्यात परिपाठाच्या वेळी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कळंब-कशेळे पट्ट्यातील शाळा असो की मुंबईतील, गोष्ट साधारण एकाच साच्याची असते. छोट्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तो निष्पाप जीव पाहून त्याचे मन द्रवले. त्याने बंदूक टाकून दिली आणि उरलेले आयुष्य पक्ष्यांच्या रक्षणासाठी वाहिले.

गोष्ट चांगली आहे, मुलांना आवडते. तिच्यातून दया शिकवता येते. पण ती खरी नाही. आणि तिच्यातून जे गळले आहे ते नेमके विज्ञान आहे. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्यांनी या गोष्टीकडे जरा चिकित्सक नजरेने पाहावे, असे सुचवण्यासाठी हा लेख आहे.

मूळ गोष्ट कोठे आहे?

ही हकिकत सालिम अलींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८५ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या ८९ व्या वर्षी, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. त्यात दिलेला घटनाक्रम थोडक्यात असा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपलेला हा मुलगा मुंबईत खेतवाडीला मामा अमिरुद्दीन तैयबजी यांच्या घरी वाढत होता. घरात शिकारीची आवड होती आणि मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक आली होती. चिमण्या मारणे हा खेळही होता आणि त्यांचे मांस घरात खाल्लेही जात असे. १९०८ च्या सुमारास त्याने पाडलेली एक चिमणी हातात घेतल्यावर वेगळी वाटली. दिसायला चिमणीच्या मादीसारखी, पण गळ्यावर पिवळा डाग.

आता त्या मुलापुढे उभा राहिलेला प्रश्न पाहा. तो ‘अरेरे, मी हे काय केले’ असा नव्हता. प्रश्न होता, हा पक्षी चिमणीच आहे का? आणि नसेल, तर धर्माच्या नियमाप्रमाणे तो खाणे चालेल का? प्रश्न स्वयंपाकघरातला होता. त्याचे उत्तर मात्र पक्ष्याची ओळख पटल्याशिवाय मिळणार नव्हते. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झालेली आणि तेव्हा तिचे बिऱ्हाड फोर्ट भागात होते. कागदात गुंडाळलेला पक्षी घेऊन मुलगा भीत भीत तेथे गेला. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण उघडून जतन केलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी जतन करण्याची विद्या शिकून घे, असेही सुचवले.

म्हणजे बंदूक टाकून देण्याचा प्रसंग मूळ कथेत नाहीच. उलट, संग्रहासाठी पक्षी कसा टिपावा आणि जतन करावा हे तो मुलगा पुढे पद्धतशीर शिकला. १९३१-३२ मधील हैदराबाद संस्थानची पक्षीपाहणी आणि १९३३ मधील त्रावणकोर-कोचीनची पाहणी या दोन्हींमध्ये नमुने गोळा केले गेले. शास्त्रीय अभ्यासासाठी नमुने घेणे आवश्यक आहे, हे मत सालिम अलींनी लपवले नाही.

साचा कोणाचा?

मग पश्चात्तापाचा प्रसंग आला कोठून? तो आपण घातला, आणि तो घालण्यासाठी आपल्याजवळ साचे तयार होते. क्रौंचाच्या जोडीतला नर व्याधाच्या बाणाने पडतो आणि वाल्मीकींच्या शोकातून काव्य जन्मते. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस सिद्धार्थ मांडीवर घेतो. पक्षी पडतो आणि माणूस बदलतो, अशा कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सालिम अलींची चिमणीही आपण त्याच साच्यात ओतली.

पण दोष सगळा आपलाच नाही. पुस्तकाचे शीर्षकही त्याला हातभार लावते. ‘चिमणीचे पडणे’ ही प्रतिमा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधून आणि तिच्याही मागे बायबलमधून आलेली आहे. क्षुद्र चिमणीच्या पडण्यातही दैवी योजना असते, असा तिचा ध्वनी. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाने मागे वळून पाहताना आयुष्याला असे एक ठळक वळण द्यावे, हे समजण्यासारखे आहे. मात्र वाचकाने सावध राहायला हवे. अमिरुद्दीन मामा सोसायटीचे सभासद नसते, मिलार्डसाहेबांनी चिठ्ठी बाजूला ठेवून मुलाला परत पाठवले असते, कपाटात तुलनेसाठी नमुने नसते, तर तीच चिमणी पडूनही काहीच घडले नसते. घडले ते घर, संस्था आणि संग्रह यांच्यामुळे. शीर्षक मात्र सगळे श्रेय चिमणीला देते.

पुस्तकात मला जाणवलेली दुसरी उणीव अशी की, ज्या पक्ष्यामुळे हे सगळे घडले त्याच्याविषयी ते फार थोडे सांगते. पिवळा डाग एवढीच त्याची खूण वाचकाच्या लक्षात राहते. तो पक्षी राहतो कोठे, खातो काय, घरच्या चिमणीपेक्षा निराळा कशावरून, हे जाणून घ्यायचे तर सालिम अलींच्याच ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९४१) कडे किंवा डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेल्या दहा खंडांच्या ‘हँडबुक’कडे (१९६८-७४) जावे लागते. आत्मचरित्राला पक्षीशास्त्राचे पाठ्यपुस्तक होण्याची सक्ती नाही, हे खरे. पण आपण शाळेत फक्त आत्मचरित्रातला तुकडा उचलतो आणि दुसरे पुस्तक उघडतच नाही. त्यामुळे शंभरांतील नव्वद मुलांना सालिम अलींची चिमणी माहीत असते; ती आपल्या गावाबाहेरच्या पळसावर बसते, हे माहीत नसते.

आठ नरांची नोंद

पिवळ्या चिमणीच्या झगमगाटात याच पुस्तकातील आणखी एक नोंद झाकली गेली आहे. विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने ती जास्त मोलाची आहे. १९०६-०७ मधील, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपासची ही टिपणी आहे. घरच्या तबेल्याच्या भिंतीतील भोकात साध्या घरचिमणीचे घरटे होते. मादी आत बसे आणि नर बाहेरच्या खिळ्यावर पहारा देई. मुलाने नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर झाला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत त्याच खिळ्यावरचे आठ नर पडले.

नोंद क्रूर आहे, यात शंका नाही. मुलांना सांगताना ते लपवू नये. पण तिच्यात वेळ आहे, जागा आहे, संख्या आहे आणि ‘पुन्हा केले तर काय होते’ हे पाहण्याची चिकाटी आहे. त्या मुलाला शिकारीची फुशारकीच मारायची असेल; तरी लिहून ठेवल्यामुळे ती टिपणी निरीक्षण ठरली आणि सुमारे साठ वर्षांनी पक्षीनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापली गेली. जोडीदार नसलेले नर आसपास असतात आणि जागा रिकामी होताच ती घेतात, असे त्यावरून अनुमान निघते.

आता वर्गातील चिकित्सेला येथूनच सुरुवात करता येईल. आत बसणारी मादी प्रत्येक वेळी तीच होती कशावरून? तिच्या पायात कडे नव्हते की अंगावर खूण नव्हती. नवे आलेले नर खरोखरच एकटे होते, की शेजारच्या घरट्यातले? नर शेवटी संपले की मुलाचे छरे? सातवी-आठवीची मुले हे प्रश्न सहज विचारतात, असा अनुभव आहे. पश्चात्तापाच्या गोष्टीवर मूल प्रश्न विचारू शकत नाही. तिथे फक्त मान डोलवायची असते.

कळंबच्या माळावरच्या दोन चिमण्या

सालिम अलींचा आपल्या जिल्ह्याशी संबंध मोठा आहे. अलिबागजवळच्या किहीमला १९३० मध्ये त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे अनेक महिने निरीक्षण केले. सुगरण नर एक घरटे मादीला पसंत पडले की दुसरे बांधायला घेतो, असे एकामागून एक संसार थाटतो, हे त्यातून पुढे आले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाने त्यांचे नाव झाले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. किहीम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तर आपले कर्जत, कळंब, खालापूर डोंगराच्या बाजूला. त्या पहिल्या चिमणीची गाठ घ्यायला ही आतली बाजू चांगली आहे.

पक्ष्याचे शास्त्रीय नाव जिम्नोरिस झॅन्थोकोलिस. एडवर्ड बर्टन याने १८३८ मध्ये त्याचे वर्णन केले. झॅन्थोकोलिस म्हणजे पिवळ्या मानेचा. ‘हँडबुक’मध्ये हा पक्षी पेट्रोनिया या प्रजातीत आहे, म्हणून जुनी व नवी पुस्तके पाहताना गोंधळ होऊ शकतो. मराठीत त्याला रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी म्हणतात. घरचिमणी ती पॅसर डोमेस्टिकस. दोन्ही चिमण्यांच्या एकाच कुळातल्या, पण प्रजाती निराळ्या. पूर्वी या सगळ्यांना सुगरणींच्या कुळातच बसवत असत.

हा पक्षी विरळ झाडीचा, काटेरी झुडपांचा, शेतांच्या कडेच्या मोठ्या झाडांचा. कळंबचा मुलूख बारमाही कोरडा नाही. पावसाळ्याचे चार महिने येथे धो धो पाऊस असतो. पण पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते आणि माघ-फाल्गुनात नेरळहून कळंबकडे येताना भाताची खाचरे खुंटांनी भरलेली, वरकस जमिनी पिवळ्या, माळावर करवंदीच्या जाळ्या, खैर, पळस, ऐन, मोह असा देखावा असतो. पूर्वेला भीमाशंकरची रांग धुरकट दिसते. वर्षाचे पाच-सहा महिने हा माळ कोरड्या झुडपी रानासारखाच वागतो. या काळात रानचिमणी शोधावी.

ओळखायची कशी? पिवळ्या डागावर भिस्त ठेवू नका. तो नराच्या गळ्याच्या खालच्या भागावर असतो, लांबून सहज दिसत नाही, आणि मादीत फिका असतो किंवा नसतोच. खेतवाडीच्या मुलालाही तो पक्षी हातात आल्यावरच दिसला, हे लक्षात घ्या. त्यापेक्षा पाठ पाहा. घरचिमणीच्या पाठीवर काळपट रेघा असतात. रानचिमणीची पाठ एकरंगी, राखट तपकिरी असते. मग खांदा पाहा. रानचिमणीच्या नराच्या खांद्यावर तांबूस-तपकिरी पट्टा आणि पंखावर पांढऱ्या दोन रेषा असतात. मादीत हा तांबूसपणा फिका. मग चोच पाहा. रानचिमणीची चोच घरचिमणीपेक्षा सडपातळ असते आणि विणीच्या काळात नराची चोच काळी होते. घरचिमणीच्या नराला छातीवर काळा बिल्ला असतो, तो येथे नाही.

चोचीचा हा फरक नुसता सजावटीचा नाही. दोन्ही चिमण्या दाणे खातात, पिलांना किडे भरवतात. पण रानचिमणी फुलांतील मधही पिते. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा मैना, बुलबुल, कोतवाल यांच्या गर्दीत हीही असते आणि तिच्या कपाळाला परागकण चिकटतात. म्हणजे परागसिंचनात तिचा थोडा का होईना वाटा असतो. घरटे शक्यतो झाडाच्या ढोलीत, पुष्कळदा तांबटाने किंवा सुताराने कोरून सोडून दिलेल्या भोकात, कधीमधी भिंतीतल्या छिद्रातही. घरचिमणीला मात्र माणूस जवळ लागतो: वळचण, कौलांची फट, दुकानासमोर सांडलेले दाणे.

म्हणून एकाच गावात दोघींचा संसार चालतो. एक ओसरीपाशी, दुसरी गावकुसाबाहेर. मधल्या जागेत, खळ्यावर किंवा कुंपणापाशी, दोन्ही एकत्रही दिसतात. ‘त्यांनी जागा वाटून घेतली’ असे मात्र मुलांना सांगू नये. वाटणी झाली की मुळातच त्यांच्या गरजा वेगळ्या होत्या, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

‘रान’ या शब्दाची फसगत

रानचिमणी हे नाव गोड आहे, पण ते एक चुकीची कल्पना देते. रानडुक्कर म्हणजे गावडुकराचा रानटी पूर्वज, हे बरोबर. रानमांजर म्हणजे घरच्या मांजराचा पूर्वज, हे चूक. पाळीव मांजर निराळ्या जातीपासून आले आहे. रानचिमणीची गोष्ट रानमांजरासारखी आहे. ती घरचिमणीचे रानटी रूप नव्हे.

मग घरचिमणीचे रानटी रूप कोठे आहे? त्याचे उत्तर मिळत आहे आणि तेही भारताशी जोडलेले आहे. मध्य आशियात बॅक्ट्रियानस नावाची घरचिमणीचीच उपजाती आहे. ती माणसांच्या वस्तीला चिकटून राहत नाही, गवताळ-दलदली भागात वीण घालते आणि हिवाळ्यात स्थलांतर करून वायव्य भारतापर्यंत येते. २०१८ मध्ये मार्क रॅव्हिनेट व सहकाऱ्यांनी तिच्या आणि घरात राहणाऱ्या चिमणीच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघींच्या वाटा सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी, म्हणजे शेती सुरू होण्याच्या काळाच्या आसपास, फुटल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घरच्या चिमणीत ज्या जनुकांवर निवडीचा ठसा दिसला, त्यांतील एक कवटीच्या घडणीशी आणि दुसरे पिष्टमय पदार्थ पचवण्याशी संबंधित आहे. आपल्या शेतीबरोबर आपला पक्षीही घडला, असा हा पुरावा. चिऊताईच्या गोष्टीपेक्षा हे काही कमी रंजक नाही.

सारख्या दिसणाऱ्या चिमण्यांनी जाणत्यांनाही चकवले आहे. सिंधी चिमणी, पॅसर पायऱ्होनोटस, हिचे वर्णन एडवर्ड ब्लाइथने १८४५ मध्ये केले. नमुना बहावलपूरचा होता. नंतर सुमारे ३५ वर्षे ती कोणाच्या नोंदीत आली नाही. १८८० मध्ये स्क्रोप डॉइग याला ती सिंधमध्ये पूर्व नारा भागात पुन्हा सापडली. ती कोठे गेली नव्हती. बाभळीच्या रानात, पाण्याच्या कडेला ती होतीच. पण घरचिमणीची धाकटी बहीण शोभेल अशी दिसत असल्याने कोणी दोनदा पाहिले नाही. अमेरिकेत, कोरड्या झुडपी प्रदेशातील ‘सेज स्पॅरो’ हा एकच पक्षी मानला जात होता. २०१३ मध्ये तेथील पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्याच्या दोन जाती केल्या, सेजब्रश स्पॅरो आणि बेल्स स्पॅरो. नाव ‘स्पॅरो’ असले तरी त्या आपल्या चिमण्यांच्या कुळातल्या नाहीत, हेही मुलांना सांगायला हवे. रंगछटा, गाणे, आकार आणि जनुके यांची तुलना करून हा निर्णय झाला. आपल्याकडील असो वा परदेशातील, प्रश्न मुळात खेतवाडीच्या मुलाचाच आहे: ही तीच का?

‘चिमणी वाचवा’ आणि न वाचणारी चिमणी

हे सगळे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो आणि त्याचा पुढाकार नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेचा आहे. चिमणीकडे लोकांचे लक्ष वेधण्याचे काम या दिवसाने केले, हे मान्य करायला हवे. पण शाळांपर्यंत पोहोचताना त्याचे रूप एका लाकडी खोक्यापुरते आणि ‘चिमण्या नामशेष होत आहेत’ या घोषणेपुरते उरते. घोषणा तपासून पाहावी. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल २०२० मध्ये आला. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या या अहवालानुसार देशभराचा विचार करता घरचिमणीची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे. मुंबईसारख्या महानगरांमध्ये मात्र ती घटताना दिसते. म्हणजे मुंबईचे दुःख आपण कळंबच्या फळ्यावर जसेच्या तसे उतरवतो. कळंबच्या मुलांना विचारले, तर ती सांगतील की आमच्या ओट्यावर चिमण्या आहेत.

आणि नेमकी जी चिमणी कळंबच्या माळाची आहे, तिच्यासाठी घोषणा नाही. तिला लागते विरळ झाडी आणि जुने, ढोलीचे झाड. सरकारी दप्तरात झुडपी जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणून ओळखली जाते. केंद्र शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात दाट झुडपांची आणि विरळ झुडपांची जमीन असे वर्गच आहेत. जे पडीक ते कोणाच्या तरी कामी आणावे, असा विचार मग ओघाने येतो. कर्जत तालुक्यात वरकस जमिनींवर फार्महाऊसचे प्लॉट पडताना आपण पाहतो. प्लॉट साफ करताना पहिल्यांदा करवंदीच्या जाळ्या जातात, मग पोकळ झालेले ‘निरुपयोगी’ झाड. नंतर त्याच जागी हिरवळ लावतात, आणि कधी कुंपणावर चिमणीचे लाकडी घरही टांगतात. ते घरचिमणीला उपयोगी पडेल. पळस आणि ढोल गेल्यावर रानचिमणीला त्या लाकडी घराने काय मिळणार?

रानचिमणी संकटात आहे, असे मी म्हणत नाही. तिचा पसारा मोठा आहे. तुर्कस्तान-इराकपासून भारतापर्यंत ती वीण घालते. माझे म्हणणे एवढेच की, जिला आपण ओळखतच नाही तिची संख्या घटली किंवा वाढली, तर ते कळणार कोणाला? भाषेत ‘चिमणी’ हा एकच शब्द पुरेसा वाटू लागला, की नोंदवहीतही एकच रकाना उरतो.

गोष्ट कशी सांगावी?

गोष्ट सोडून द्यावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती पुरी सांगावी. बंदूक होती, मांस खाल्ले जात होते, प्रश्न खाण्याचा होता, हे सांगायला कचरू नये. मुलांच्या घरी कोंबडी शिजते, ओढ्यावर खेकडे धरले जातात. त्यांना त्यात धक्का बसण्यासारखे काही नाही. मग गोष्ट मिलार्डसाहेबांच्या खणापर्यंत न्यावी आणि तेथे थांबून विचारावे: त्या खणात इतर चिमण्या नसत्या, तर ही वेगळी आहे हे कसे कळले असते? तुलनेसाठी दुसरी वस्तू लागते, हा धडा त्यातून आपोआप निघतो.

पुढचे काम वर्गाबाहेर. आज बंदूक नको आणि कायद्याने चालणारही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची ओळख करून द्यायला हा चांगला प्रसंग आहे. वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. पाठीवर रेघा आहेत की नाहीत, खांदा कसा, चोच कशी, बसली कोठे, काय खात होती, माणसापासून किती पावलांवर. शक्य असल्यास शाळेने एखादी दुर्बीण घ्यावी. नसेल तर फुललेल्या पळसाखाली सकाळी अर्धा तास शांत बसावे. डिसेंबर ते मे दर महिन्याला एकच वाट, एकच वेळ. ढोलीत हात घालायचा नाही, घरटे हलवायचे नाही. दोन-तीन वर्षे अशा वह्या साठल्या, की कळंबच्या शाळेचा स्वतःचा खण तयार होईल आणि पुढच्या मुलांना तुलनेसाठी तो उघडता येईल.

गावातील जाणत्यांनाही विचारावे. ठाकरवाडी किंवा कातकरीवाडीतील म्हाताऱ्या माणसांना घरची चिमणी आणि रानातली चिमणी यांसाठी निराळी नावे आहेत का, ती मुलांनीच जाऊन विचारून लिहून आणावीत. पुस्तकात ती सापडणार नाहीत.

आणि एखाद्या मुलाने मेलेला पक्षी, पीस किंवा वेगळा दिसणारा किडा कागदात गुंडाळून वर्गात आणला, तर तास चालू आहे म्हणून त्याला परत पाठवू नये. आपल्यालाही नाव माहीत नसेल. अमिरुद्दीन मामांनाही नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहून मुलाला जाणकाराकडे पाठवले. तेवढे कोणत्याही शिक्षकाला जमण्यासारखे आहे.